मुंग्या आणि बधिरपणा: चिनी वैद्यकाच्या नजरेतून

हातापायांना मुंग्या येणे आणि शरीराचा एखादा भाग बधिर होणे या दोन्ही तक्रारी आज आपण मज्जातंतूंच्या खात्यात जमा करतो. डॉक्टरांचे पहिले प्रश्नही नस कुठे दबली आहे का, साखर किती आहे, बी-१२ तपासले आहे का, असेच असतात. पारंपरिक चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांत मात्र मज्जातंतू ही स्वतंत्र कल्पनाच नाही. तरीही बधिरपणाची वर्णने त्यात सुमारे दोन हजार वर्षांपासून आहेत, आणि त्यांतली काही आजच्या तज्ज्ञालाही मान डोलवायला लावतील इतकी बारकाईने केलेली आहेत. त्या वैद्यांचा मूळ प्रश्न वेगळा होता. या भागाला जे पोचायला हवे ते पोचते आहे का, आणि पोचत नसेल तर मुळात साठाच कमी आहे की वाटेत काही अडले आहे, असे ते विचारत. निदान आणि उपचार यांचा पुढचा सगळा पसारा या एका प्रश्नातून उभा राहिला आहे.

पोचायला हवे ते काय, तर ‘ची’ आणि रक्त. ‘ची’ म्हणजे शरीराला चालवणारी, ऊब देणारी आणि राखणारी शक्ती, आणि रक्त म्हणजे पोषण व ओलावा देणारे द्रव्य, अशी ढोबळ मांडणी करता येते. ही दोन्ही एकमेकांवाचून चालत नाहीत. ‘ची’ रक्ताची सेनापती आहे आणि रक्त ‘ची’ची माता आहे, असे चिनी वैद्यकाचे एक प्रसिद्ध वचन आहे. पुढे घेऊन जाणारी शक्ती क्षीण झाली तर रक्त मागे रेंगाळते, आणि रक्तच आटले तर शक्तीला आधार उरत नाही. दोघांचा प्रवास मेरिडियन नावाच्या मार्गांनी होतो असे मानले जाते. त्यांतले मुख्य मार्ग बारा आहेत, आणि त्यांतला प्रत्येक मार्ग हाताच्या किंवा पायाच्या टोकाशी सुरू होतो किंवा तिथे संपतो. पुरवठा कमी पडला की त्याची झळ आधी बोटांना का बसते, याचे चिनी वैद्यकातले उत्तर या रचनेत आहे.

‘ह्वांगदी नेइजिंग’ या आद्य ग्रंथाचा बराचसा भाग इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत संकलित झाला असे मानले जाते. त्यात पोषण करणारी ‘यिंग’ आणि रक्षण करणारी ‘वेइ’ असे ‘ची’चे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली रक्ताबरोबर वाहिन्यांच्या आत वाहते, तर दुसरी वाहिन्यांच्या बाहेर, त्वचेच्या व स्नायूंच्या बाजूने फिरते. यिंग कमी पडली तर संवेदना जाते, वेइ कमी पडली तर अवयव हलेनासा होतो, आणि दोन्ही कमी पडल्या तर संवेदना व हालचाल दोन्ही जातात, असे तिथे म्हटले आहे. कारणमीमांसा आज टिकणारी नाही. परंतु न जाणवणे आणि न हलणे या दोन वेगळ्या बिघाडांची नोंद वेगवेगळी करायची, ही शिस्त त्यात आहे, आणि आजचा डॉक्टरही टाचणी टोचून संवेदना आणि हात दाबायला सांगून ताकद अशा दोन गोष्टी स्वतंत्रपणेच तपासतो.

इथे मराठी वाचकाला ‘ची’ म्हणजे आपला प्राण आणि चिनी ‘वारा’ म्हणजे आपला वात, असे समीकरण मांडण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. वात हा आयुर्वेदाच्या तीन दोषांपैकी एक असून तो शरीरात सदैव असतो आणि त्याचे काम नीट चालू असणे हेच आरोग्य समजले जाते. चिनी ग्रंथांतला वारा हा मुख्यतः उपद्रवी घटक आहे. तो बाहेरून शिरतो किंवा आतल्या बिघाडातून उठतो, आणि निरोगी शरीरात त्याला काही काम नेमून दिलेले नाही.

बाहेरून शिरणाऱ्या या वाऱ्याला थंडी आणि दमटपणा यांची साथ मिळाली की ‘बी’ नावाचा विकार होतो, असे नेइजिंग सांगते. ‘बी’ म्हणजे वाट तुंबणे. वारा प्रबळ असेल तर दुखणे जागा बदलत राहते, थंडी प्रबळ असेल तर ठणका तीव्र असतो, आणि दमटपणा प्रबळ असेल तर त्रास एकाच जागी जड होऊन बसतो. पुढच्या काळातल्या वैद्यांनी बधिरपणाला मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराशी जोडले. त्याच प्रकरणात एक निरीक्षण येते, जे मला या सगळ्या साहित्यातले सर्वांत मोलाचे वाटते. ज्याला दुखत नाही पण जाणवतही नाही, त्याचा विकार जुना झालेला असून खोलवर गेला आहे आणि त्याच्या त्वचेला पोषण मिळेनासे झाले आहे, असे तिथे म्हटले आहे. मधुमेहात वर्षानुवर्षे तळपायांची आग होत असलेल्या रुग्णाची आग एके दिवशी थांबते आणि त्याला बरे वाटू लागते, तेव्हा प्रत्यक्षात अनेकदा संवेदना वाहून नेणारे तंतूच निकामी झालेले असतात. चपलेतला खडा त्याला टोचत नाही आणि जखम चिघळेपर्यंत कळत नाही. दुखणे थांबले म्हणजे दुखणे बरे झाले असे नव्हे, ही गोष्ट त्या ग्रंथकारांनी मज्जातंतू न पाहता ओळखली होती.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्याच्या आरंभी होऊन गेलेला वैद्य झांग झोंगजिंग याने ‘रक्ताचा बी’ असा एक वेगळा प्रकार वर्णिला आणि तो कोणाला होतो हेही सांगितले. सुखवस्तू घरातला माणूस, हाडे नाजूक, अंगावर मांस भरपूर. जरा श्रम झाले की घामाघूम होतो, तसाच झोपतो, आणि झोपेत लागलेला थोडासा वाराही त्याला बाधतो. मग अंग बधिर होते. यासाठी त्याने दिलेला पाच वस्तूंचा काढा आजही चीनमध्ये वापरात आहे: हुआंग छी नावाच्या वनस्पतीचे मूळ, पिओनीचे मूळ आणि दालचिनीच्या जातकुळीतल्या कॅशियाच्या कोवळ्या फांद्या प्रत्येकी तीन लियांग (वजनाचे जुने चिनी माप), ताजे आले त्याच्या दुप्पट, आणि चिनी बोरे बारा. हे सारे सहा मापे पाण्यात घालून ते दोन मापांवर येईपर्यंत आटवायचे आणि कोमट असताना दिवसातून तीनदा घ्यायचे. हुआंग छी शक्ती वाढवते, पिओनी रक्ताला आधार देते, फांद्या व आले थंडी हटवून वाट मोकळी करतात आणि बोरे पोटाला सांभाळतात, अशी त्यामागची कल्पना आहे. आल्याचे प्रमाण दुप्पट ठेवण्यामागचा हेतूही औषधाचा जोर त्वचेकडे, म्हणजे बधिरपणा जिथे आहे तिथे वळवण्याचा आहे. साठा आणि वाट या दोन्हींचा विचार एकाच भांड्यात कसा उकळतो, हे पाहायला याहून चांगले उदाहरण नाही.

मुंग्या येणे आणि पूर्ण बधिर होणे यांत चिनी वैद्य ठाम फरक करतात, कारण त्यावर औषध बदलते. चौदाव्या शतकातील वैद्य झू दानशी याच्या शिकवणीत याचे सूत्र आले आहे: मुंग्या म्हणजे ‘ची’ची कमतरता, आणि लाकडासारखा बधिरपणा म्हणजे दमट कफ व मेलेले रक्त. पहिल्या अवस्थेत जाणीव शाबूत असते पण विस्कळीत होते. त्वचेखालून मुंग्या चालतात, किंवा तिरफळाचा दाणा दाताखाली आल्यावर ओठ जसे चुरचुरतात तसे वाटते. दुसऱ्या अवस्थेत दाबले तरी कळत नाही आणि खाजवले तरी समाधान होत नाही, जणू तो भाग दुसऱ्याचाच आहे. पहिलीत वाट बहुधा उघडी असते आणि माल अपुरा पडतो, म्हणून शक्ती वाढवायची. दुसरीत वाटेवर गाळ साचलेला असतो, म्हणून आधी तो काढायचा. गाळ असताना नुसती ताकदीची औषधे दिली तर तुंबलेले अधिकच तुंबते, असा इशारा चिनी वैद्यक वारंवार देते.

मग समोरच्या रुग्णात काय घडते आहे, हे वैद्य ठरवतो कसे? तो बरेच विचारतो, जीभ पाहतो आणि मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहतो. थकवा लवकर येतो, बोलतानाही दम लागतो, हातपाय चोळल्यावर बरे वाटते, जीभ फिकट आहे आणि नाडी दुबळी आहे, अशा माणसात ‘ची’ कमी असल्याचे निदान होते. चेहरा निस्तेज, डोळ्यांपुढे अंधारी, झोप उथळ, नाडी दोऱ्यासारखी बारीक, आणि विचारल्यावर बाळंतपण किंवा मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव यांचा इतिहास निघतो, तेव्हा रक्त कमी असल्याचे ठरते. एकाच जागी टोचणारा त्रास, रात्री वाढणारा, जिभेवर जांभळट डाग आणि जीभ वर उचलल्यावर खालच्या शिरा काळपट व फुगलेल्या, हे रक्त थिजल्याचे लक्षण समजतात. अंग जड, छाती भरल्यासारखी, जिभेवर चिकट जाड थर आणि बोटाखालून मणी घरंगळावेत तशी नाडी, हे कफाचे. हा कफ खोकल्यातून पडणारा नव्हे. गोड, तेलकट खाणे आणि बैठे जीवन यांतून शरीरात साचणाऱ्या चिकट गाळाला तिथे हे नाव आहे. एकाच रुग्णात यांतले दोन-तीन प्रकार एकत्र असणे हे तर नेहमीचेच.

आतून उठणारा वारा हा प्रकार या सगळ्यांत धोक्याचा मानला गेला. यकृताचा जोर अनावर झाला किंवा रक्त इतके आटले की त्याला धरून ठेवणारे काही उरले नाही, तर आत वारा सुटतो. मग चक्कर, थरथर, एका बाजूला मुंग्या आणि शेवटी पक्षाघात असा क्रम सांगितला आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर तीन वर्षांत पक्षाघाताचा संभव असतो, अशी सूचना जुन्या चिनी वैद्यकीय साहित्यात आढळते. आजच्या ज्ञानानुसार या दोन बोटांच्या मुंग्यांचे कारण बहुतेक वेळा मनगटात किंवा मानेत दबलेली नस हेच असते, त्यामुळे ही भविष्यवाणी अक्षरशः घेऊ नये. मात्र हात, चेहरा किंवा पाय एकाएकी एका बाजूने बधिर झाला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर मुहूर्त पाहत बसू नये. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि महाराष्ट्रात १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक त्यासाठीच आहे.

पक्षाघातानंतर उरलेल्या दुबळेपणावर आणि बधिरपणावर चिनी वैद्यकात सर्वाधिक दिला जाणारा काढा वांग छिंगरेन (१७६८ ते १८३१) याचा आहे. हा गृहस्थ आपल्या परंपरेवर नाराज होता. १७९७ साली साथीच्या रोगात दगावलेल्या मुलांची उघड्यावर पडलेली प्रेते त्याने जाऊन पाहिली, ग्रंथांतल्या अवयवांच्या आकृत्यांशी ती जुळत नाहीत हे त्याच्या लक्षात आले, आणि १८३० मध्ये वैद्यकातील चुकांच्या दुरुस्तीवर त्याने पुस्तकच काढले. त्याचा हिशेब असा: शरीरात दहा भाग शक्ती असते, डावी-उजवीकडे पाच-पाच. त्यांतली निम्मी गेली की उरलेली एका बाजूला गोळा होते आणि दुसरी बाजू लुळी पडते. म्हणून त्याच्या काढ्यात एकट्या हुआंग छीचे प्रमाण चार लियांग आहे आणि रक्त हलवणाऱ्या बाकीच्या सहा द्रव्यांचे एकत्रित वजन एक लियांगही भरत नाही. त्या सहांत वाळवलेले गांडूळ आहे, आणि सोलापूर-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ओळखीचे वाटेल असे करडईचे फूलही आहे. आपल्याकडे करडई मुख्यतः तेलासाठी पेरली जाते. तिच्या लाल पाकळ्या चिनी वैद्यकात थिजलेल्या रक्तावरचे नेहमीचे औषध आहेत.

काढ्यांच्या जोडीला सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर, येतात, आणि इथे मेरिडियनचा नकाशा उपयोगी पडतो. मधल्या बोटात मुंग्या असतील तर हृदयावरणाचा मार्ग, करंगळीत असतील तर हृदयाचा व लहान आतड्याचा मार्ग, असे पाहिले जाते. हा नकाशा मज्जातंतूंच्या नकाशाशी जुळत नाही, पण काही ठिकाणी दोन्ही चकित व्हावे इतके जवळ येतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या दोन उंचवट्यांमधल्या खोबणीत काही आपटले की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, हा अनुभव बहुतेकांना आहे. त्या खोबणीतून अल्नार नावाची नस जाते, आणि नेमका तिथेच लहान आतड्याच्या मार्गावरचा आठवा बिंदू आहे. मनगटाच्या घडीच्या मध्यावर, दोन कंडरांच्या मधे, हृदयावरणाचा सातवा बिंदू येतो, आणि त्याच्या खालून जाणारी मीडियन नस दबल्यामुळेच कार्पल टनेलचा त्रास होतो. यावरून मेरिडियन म्हणजेच नसा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. स्पर्शाने आणि अनुभवाने शोधलेल्या काही जागांखाली खरोखरच नसा होत्या, एवढेच त्यातून निघते.

बोटांच्या मधल्या बेचक्यांत हातांना आठ आणि पायांना आठ असे बिंदू आहेत, आणि मुंग्यांसाठी तेच सर्वांत जास्त वापरले जातात. गुडघ्याखालचा ‘झूसान्ली’ हा बिंदू शक्तीसाठी जोडीला घेतला जातो. सुई योग्य जागी बसली याची खूण म्हणून रुग्णाला तिथे बोथट दुखणे, मुंग्या, ताण आणि जडपणा यांपैकी काही जाणवले पाहिजे, अशी अपेक्षा असते. म्हणजे ज्या मुंग्या घालवायच्या, त्याच काही क्षण मुद्दाम आणायच्या. त्वचा बधिर असेल तर अनेक बारीक सुया एकत्र बसवलेल्या लहान हातोडीने तिच्यावर हलके ठोकतात. थंडी जास्त असेल तर दवण्याच्याच प्रजातीतल्या वनस्पतीची वाळलेली पाने कुटून, त्याची कांडी पेटवून बिंदूला शेक देतात. हा शेक बधिर पायाला देणे धोक्याचे आहे, कारण चटका बसतो आहे हे रुग्णाला कळतच नाही, आणि मधुमेहात अशी जखम भरता भरत नाही.

याचा उपयोग किती होतो? मज्जातंतूंच्या वेदनांवर ॲक्युपंक्चरचा २०१७ साली झालेला कॉक्रेन (वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा बाजूने किंवा विरुद्ध ठामपणे बोलण्याइतका पुरावा नाही असे म्हणतो. त्याच वर्षी अमेरिकेत कार्पल टनेलच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग मात्र लक्षवेधी आहे. त्यात खऱ्या सुया आणि खोट्या सुया यांनी रुग्णांची तक्रार सारखीच कमी झाली, परंतु मनगटातील नसेच्या वहनात मोजता येण्याजोगी सुधारणा फक्त खऱ्या सुयांच्या गटांत दिसली. म्हणजे काहीतरी घडते, पण रुग्णाला वाटणाऱ्या सुधारणेचा मोठा वाटा उपचाराच्या अपेक्षेचाही असतो. काढ्यांवर चीनमध्ये पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत, परंतु त्यांतल्या बऱ्याच लहान आणि कच्च्या आहेत. माझे मत विचाराल तर वर्णन करण्यात ही परंपरा तरबेज आहे, कारण सांगण्यात कच्ची आहे, आणि उपचारांत मधे कुठेतरी आहे.

कच्चेपणाचा फटका बसतो तो असा की जीभ आणि नाडी पाहून बी-१२ ची कमतरता, मधुमेह किंवा थायरॉइड यांची खातरजमा होत नाही. शाकाहारी माणसात, आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन बराच काळ घेणाऱ्यात, बी-१२ कमी असण्याची शक्यता अधिक असते. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे बी-६ कमी होऊन मुंग्या येतात. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही अशी गोष्ट म्हणजे कुष्ठरोग: फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही, त्याला सुईचा, काढ्याचा किंवा शेकाचा काही उपयोग नाही. त्यावरची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर हातापायांची विकृती टळते.

महाराष्ट्रात या वैद्यकाचा जो भाग प्रत्यक्ष भेटतो तो बहुधा सुयांचाच. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे आपल्याला माहीत असते. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी भारतात आणले. काढे मात्र तसे आले नाहीत. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती ते चिनी औषधालयांतून पडतात, किंवा इंटरनेटवरून मागवले जातात, आणि त्यांत काय आहे हे पुडीवर दर वेळी नीट लिहिलेले असतेच असे नाही.

थंडीने तुंबलेल्या ‘बी’वर वापरल्या जाणाऱ्या चिनी औषधांत आपल्या बचनागाच्या जातीतली मुळे असतात. ती बराच वेळ उकळून त्यांतले विष मोडायचे असते. प्रक्रिया अपुरी राहिली किंवा मात्रा वाढली तर त्यातले ॲकोनिटिन मज्जातंतूंतले व हृदयातले सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, आणि विषबाधेची पहिली खूण म्हणून ओठ, जीभ आणि बोटे यांना मुंग्या येतात. मुंग्यांसाठीच काढा घेणारा रुग्ण हा जुनाच त्रास समजून आणखी एक पेला घेण्याची शक्यता असते. काढा घेतल्यावर काही मिनिटांत किंवा दोनेक तासांत तोंडापासून सुरू झालेल्या मुंग्या दिसल्या, तर पुढची मात्रा न घेता, उरलेले औषध बरोबर घेऊन, हृदयाचा आलेख सतत पाहता येईल अशा रुग्णालयात जावे. या विषावर उतारा नाही, आणि हृदयाचे ठोके बिघडण्याआधी मिळालेला वेळ फार थोडा असतो.